‘गौण’ विषयाचे महत्त्व
मुख्य विषयाला विज्ञानाची किंवा संगणकशास्त्राची जोड देताना नावाकडे पाहू नये. वीस श्रेयांकांत काय शिकवले जाते, ते पाहावे

दहावी-बारावीचे निकाल लागले की महाविद्यालयांच्या प्रवेश खिडकीसमोर रांगा लागतात. आता या रांगा बऱ्याच अंशी संगणकाच्या पडद्यावर गेल्या असल्या, तरी घराघरांतील घालमेल तीच आहे. कोणती शाखा, कोणते महाविद्यालय, कोणता मुख्य विषय यावर महिनोन्‌महिने चर्चा होते. अर्जात मात्र आणखी एक रकाना असतो आणि तो बहुतेक वेळा घाईघाईत, शेजारचा मित्र काय भरतो ते पाहून किंवा ‘आजकाल संगणकाला मागणी आहे’ एवढ्याच भांडवलावर भरला जातो. हा रकाना ‘मायनर’चा, म्हणजे गौण विषयाचा.

मराठीत ‘गौण’ हा शब्दच थोडा फसवा आहे. महसूल खात्याच्या भाषेत वाळू हे गौण खनिज. पण वाळूवाचून इमारत उभी राहत नाही. पदवीतील गौण विषयाचेही तसेच आहे. योग्य निवडला, तर तो मुख्य विषयाला बळकटी देतो आणि पदव्युत्तर शिक्षणाचा दुसरा दरवाजा उघडतो. चुकीचा निवडला, तर तीन वर्षांतील कित्येक तास आणि गुणपत्रिकेतील एक मोठा हिस्सा व्यर्थ जातो. विज्ञान किंवा संगणक यांपैकी काही गौण विषय म्हणून घ्यावयाचे असेल, तर ही निवड आणखी काळजीपूर्वक करावी लागते. या विषयांत मागचे आले नाही, तर पुढचे समजत नाही.

मायनर म्हणजे नेमके काय?

आजच्या पालकांपैकी अनेकांना पदवीची जुनी रचना आठवत असेल. पहिल्या वर्षी तीन-चार विषय, दुसऱ्या वर्षी त्यांतील एखादा गळायचा आणि तिसऱ्या वर्षी एका विषयात विशेष अभ्यास व्हायचा. मुंबई विद्यापीठात त्याच्या जोडीला ‘अप्लाइड कंपोनन्ट’ असे. या रचनेत दुसरा विषय हा वाटेतला थांबा होता. मुक्कामाला पोहोचल्यावर त्याची कोणी विचारपूस करीत नसे.

केंद्रीय मंत्रिमंडळाने २९ जुलै २०२० रोजी राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाला मंजुरी दिली आणि हे चित्र बदलू लागले. विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये पदवीचा नवा श्रेयांक आराखडा जाहीर केला. त्यानुसार तीन वर्षांच्या पदवीसाठी किमान १२० श्रेयांक लागतात; त्यांपैकी किमान ६० मुख्य विषयाचे आणि २४ गौण विषयाचे. चार वर्षांच्या पदवीसाठी हेच आकडे १६०, ८० आणि ३२ असे आहेत. म्हणजे आयोगाच्या आराखड्यात पदवीचा पाचवा हिस्सा गौण विषयाने व्यापला आहे.

महाराष्ट्र शासनाने २० एप्रिल २०२३ रोजी काढलेल्या निर्णयात गौण विषयासाठी १८ ते २० श्रेयांक ठरवले. तो मुख्य विषयाच्याच विद्याशाखेतील दुसरा विषय असू शकतो किंवा पूर्णपणे वेगळ्या विद्याशाखेतीलही असू शकतो. राज्यात हे धोरण २०२३-२४ पासून स्वायत्त महाविद्यालयांत आणि २०२४-२५ पासून संलग्न महाविद्यालयांत लागू झाले. तपशील विद्यापीठागणिक वेगळे आहेत. काही ठिकाणी पहिल्या वर्षी तीन विषय समान वजनाने शिकवले जातात आणि त्यांतून मुख्य व गौण विषय दुसऱ्या वर्षाच्या आरंभी ठरवावे लागतात. त्यामुळे आपल्या महाविद्यालयाची रचना प्रवेशापूर्वीच समजून घेणे अगत्याचे आहे.

येथे एक गल्लत वारंवार होते. गौण विषय आणि खुला ऐच्छिक विषय, म्हणजे ‘ओपन इलेक्टिव्ह’, हे एकच नव्हेत. राज्याच्या रचनेत खुला ऐच्छिक विषय दुसऱ्या विद्याशाखेतूनच घ्यावा लागतो आणि तो सुरुवातीच्या वर्षांत संपतो. ती केवळ तोंडओळख असते. गौण विषय मात्र पायरीपायरीने वर नेणारा असायला हवा. ज्या विद्यापीठांत गौण विषय उशिरा ठरवायचा असतो, तेथे या फरकाचा चतुराईने उपयोग करता येतो. कला किंवा वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने पहिल्या सत्रातील खुला विषय म्हणून संख्याशास्त्र किंवा प्रोग्रॅमिंगची प्राथमिक ओळख घ्यावी. तो जमतो, आवडतो असे दिसले, तरच पुढे गौण विषय म्हणून तो पत्करावा. पाण्यात उडी टाकण्यापूर्वी खोली पाहण्याची ही उत्तम सोय आहे.

अभियांत्रिकीची गोष्ट थोडी वेगळी आहे. तेथील रूढ पद्धतीत अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या नियमांनुसार मायनर हे नियमित अभ्यासक्रमावरचे १८ ते २० जादा श्रेयांक मिळवून पूर्ण करावे लागते. बी.ए., बी.कॉम. व बी.एस्सी.मध्ये ते पदवीच्या आतच बसवलेले आहे. तेथे गौण विषय घ्यायचा की नाही हा प्रश्नच नाही. कोणता घ्यायचा, एवढाच आहे.

वीस श्रेयांकांत किती मावते?

एक श्रेयांक म्हणजे वर्गातील सुमारे १५ तासांचे अध्यापन किंवा प्रयोगशाळेतील सुमारे ३० तासांचे काम. वीस श्रेयांक पूर्णपणे तासिकांचे असतील, तर ३०० तास होतात. त्यांतील आठ श्रेयांक प्रात्यक्षिकांचे धरले, तर १८० तास वर्गात आणि २४० तास प्रयोगशाळेत, असे एकूण ४२० तास होतात. संगणक किंवा विज्ञान शिकण्यासाठी प्रात्यक्षिके किती मोलाची आहेत, हे या हिशेबावरून ध्यानात यावे. त्याच श्रेयांकांत हात काळे करण्याची संधी दुप्पट मिळते.

एवढ्या तासांत कोणी संगणक अभियंता होत नाही. मुख्य विषय म्हणून संगणकशास्त्र शिकणाऱ्यांचा अभ्यास याच्या तिपटीच्या घरात असतो. गौण विषयाच्या बळावर त्यांच्याशी त्यांच्याच मैदानात स्पर्धा करायला निघालेला विद्यार्थी बहुधा मागे पडतो. मग या ३००-४०० तासांचा उपयोग काय? उपयोग असा की, मुख्य विषयातील एखादा प्रश्न, जो आजवर हाताने सुटत नव्हता, तो सोडवण्याचे हत्यार या काळात हाती येऊ शकते. म्हणूनच निवडीचा पहिला निकष बाजारपेठेतील नव्हे, मुख्य विषयातील असावा. ‘माझ्या मुख्य विषयात मला काय करता येत नाही आणि कोणता दुसरा विषय ते करायला शिकवील?’ हा प्रश्न अर्ज भरण्यापूर्वी प्रत्येकाने स्वतःला विचारावा.

दोन जुनी उदाहरणे

हा विचार नव्या धोरणाने आणला असे मानण्याचे कारण नाही. महाराष्ट्रात त्याची भक्कम परंपरा आहे. गोव्यात जन्मलेले दामोदर धर्मानंद कोसंबी हे पेशाने गणिती. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात आणि पुढे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत त्यांनी गणिताचे काम केले. प्राचीन आहत नाण्यांकडे ते वळले, तेव्हा त्यांनी हाती तराजू घेतला. चलनात फिरणारे नाणे झिजते. ते जितका काळ फिरले असेल, तितके त्याचे सरासरी वजन घटते आणि एकाच वेळी पाडलेल्या नाण्यांच्या वजनांतील तफावतही वाढते. या साध्या निरीक्षणाला संख्याशास्त्राची जोड देऊन त्यांनी तक्षशिलेच्या साठ्यातील नाण्यांचा कालक्रम लावण्याचा प्रयत्न केला. इतिहासाचा प्रश्न आणि गणिताचे हत्यार यांची ही गाठ होती. भारतीय इतिहासाच्या अभ्यासाची वेगळी दिशा दाखवणारे त्यांचे पुस्तक १९५६ मध्ये प्रसिद्ध झाले.

दुसरे उदाहरण इरावती कर्वे यांचे. सामान्य मराठी वाचक त्यांना ‘युगान्त’मुळे ओळखतो. परंतु डेक्कन कॉलेजात मानववंशशास्त्राचे काम करताना त्यांनी महाराष्ट्रातील विविध समाजगटांची शारीरिक मोजमापे गोळा केली आणि वि. म. दांडेकर यांच्यासह त्यांचे संख्याशास्त्रीय विश्लेषण १९५१ मध्ये प्रसिद्ध केले. मानववंशशास्त्राचा प्रश्न एकीचा आणि आकडे हाताळण्याचे कौशल्य दुसऱ्याचे, असा हा संगम होता. गौण विषय काय देऊ शकतो, याचे उत्तर यात आहे. तो अभ्यासकाला स्वतःच दांडेकर बनवीलच असे नाही. पण दांडेकरांशी बोलण्याची भाषा तो नक्की शिकवतो. आजच्या संशोधन संस्थांत, बँकांत, रुग्णालयांत आणि वृत्तसंस्थांतही अशी दुभाषी माणसे लागतात.

कोणत्या विषयाला कोणती जोड?

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यासाठी संख्याशास्त्र ही सर्वांत नैसर्गिक जोड होय. केंद्र सरकारची २०२२-२३ ची कौटुंबिक उपभोग खर्च पाहणी २,६१,७४६ कुटुंबांत झाली आणि प्रत्येक कुटुंबाला शेकडो वस्तूंवरील खर्च विचारला गेला. २०१७ पासून होणाऱ्या नियतकालिक श्रमबल पाहणीचीही मूळ माहिती अभ्यासकांना खुली आहे. एक्सेलच्या एका तक्त्यात १०,४८,५७६ पेक्षा अधिक ओळी मावत नाहीत. वस्तुनिहाय नोंदी त्यापलीकडे जातात. ‘आर’ किंवा ‘पायथन’ येणारा विद्यार्थी विदर्भातील आणि कोकणातील कुटुंबांचा खर्च स्वतः ताडून पाहू शकतो. ते न येणाऱ्याला दुसऱ्याने काढलेल्या निष्कर्षांवर विसंबावे लागते. मात्र येथे संगणकापेक्षा संख्याशास्त्र आधी यावे. नमुना कसा निवडला, कोणत्या कुटुंबाला किती भार दिला, हे समजल्याशिवाय काढलेली सरासरी दिशाभूल करते.

मराठी किंवा भाषाशास्त्र हा मुख्य विषय असणाऱ्यांना संगणक परका वाटतो, पण त्यांची गरज जगाला आज पूर्वीपेक्षा अधिक आहे. ‘घर’, ‘घरात’, ‘घरातला’, ‘घरांमध्ये’, ‘घराबाहेरच्यांनी’ ही सारी एकाच शब्दाची रूपे आहेत, हे मराठी माणसाला सांगावे लागत नाही. संगणकाला सांगावे लागते. सामान्यरूप, विभक्तिप्रत्यय, शब्दयोगी अव्यये यांचे व्याकरण ज्याला येते आणि थोडे प्रोग्रॅमिंगही येते, तोच शोधयंत्र, शुद्धलेखन तपासनीस किंवा भाषांतर यंत्रणा मराठीसाठी नीट घडवू शकतो. इतिहासाच्या विद्यार्थ्यापुढे मोडी कागदपत्रांचा प्रचंड साठा आहे. मोडी लिपीला युनिकोडमध्ये २०१४ साली स्थान मिळाले. त्यामुळे लिप्यंतर करून ते संगणकात साठवण्याची वाट मोकळी झाली. मोडी वाचता येणे हे मुख्य कौशल्य, आणि माहितीसाठा म्हणजे डेटाबेस रचता येणे ही त्याची जोड.

भूगोलासाठी भौगोलिक माहिती प्रणाली आणि सुदूर संवेदन हे विषय आता अपरिहार्य झाले आहेत. इस्रोचे ‘भुवन’ संकेतस्थळ २००९ पासून उपलब्ध आहे. युरोपच्या ‘सेंटिनेल-२’ उपग्रहांची दहा मीटर बारकाव्याची छायाचित्रे विनामूल्य मिळतात. ‘क्यूजीआयएस’ ही प्रणालीही फुकट आहे. उजनीचा जलाशय एप्रिलमध्ये किती आकसतो, हे वर्गात बसून मोजता येते. पण त्यासाठी निर्देशांक पद्धती, प्रक्षेपण आणि थोडे प्रोग्रॅमिंग समजायला हवे.

जीवशास्त्राच्या विद्यार्थ्यांना संख्याशास्त्र किंवा संगणक यांपैकी एकाची जोड जवळजवळ अनिवार्य म्हणावी अशी परिस्थिती आहे. माणसाच्या जनुकसंचात सुमारे ३०० कोटी आधारजोड्या आहेत. त्या डोळ्यांनी वाचणे शक्य नाही. एखाद्या जिवाणूचा क्रम ज्ञात क्रमांशी ताडून पाहणे हे आज पदवीच्या प्रकल्पातही होऊ शकणारे काम आहे. मानसशास्त्राच्या विद्यार्थ्याला चाचण्यांची विश्वसनीयता तपासण्यासाठी संख्याशास्त्र लागते. वाणिज्य शाखेत वस्तू व सेवा कर २०१७ मध्ये लागू झाल्यापासून लेखापरीक्षकासमोर नोंदींचे ढीगच्या ढीग येऊ लागले आहेत. हजारो पावत्यांतून संशयास्पद पावती वेचण्यासाठी ‘एसक्यूएल’ आणि नमुना तपासणीचे शास्त्र उपयोगी पडते. विमा क्षेत्रात जाऊ इच्छिणाऱ्याने संख्याशास्त्राला पर्याय शोधूच नये.

याची उलटी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. संगणकशास्त्र हा ज्यांचा मुख्य विषय आहे, त्यांनी आणखी संगणकच गौण विषय म्हणून घेण्याचा मोह टाळावा. पुण्यातील जुन्या बी.एस्सी. संगणकशास्त्राच्या अभ्यासक्रमात गणित, संख्याशास्त्र आणि इलेक्ट्रॉनिक्स यांना स्थान होते, ते उगाच नव्हे. प्रोग्रॅम लिहिता येणाऱ्यांची वाण आज नाही. ज्याला जीवशास्त्र, भौतिकशास्त्र, भूगोल किंवा अर्थशास्त्र कळते आणि प्रोग्रॅमही लिहिता येतो, असे विद्यार्थी मात्र थोडे आहेत.

गणिताचे काय?

या साऱ्या चर्चेत एक विषय दाराशीच उभा असतो. अनेक विद्यार्थी दहावीनंतर गणिताला रामराम ठोकतात. पुढे संगणक किंवा संख्याशास्त्र घेताना तोच विषय समोर येतो आणि धडकी भरते. येथे खोटा धीर देणेही बरोबर नाही आणि घाबरवणेही नाही.

प्राथमिक प्रोग्रॅमिंग, डेटाबेस, संकेतस्थळ निर्मिती यांसाठी दहावीपर्यंतचे गणित आणि तर्कशुद्ध विचार पुरतो. संख्याशास्त्राच्या वर्णनात्मक भागासाठी, म्हणजे सरासरी, विचलन, आलेख यांसाठीही तेवढे पुरते. संभाव्यता, वितरणे, समाश्रयण येथे आल्यावर बारावीच्या कलनशास्त्राची थोडी गरज भासते. ‘मशीन लर्निंग’ आणि ‘डेटा सायन्स’ या चलनी नावांच्या विषयांत खोल जायचे, तर रेषीय बीजगणित, संभाव्यता आणि कलनशास्त्र ही तीनही लागतात; त्यांना वळसा घालून जाणारी वाट नाही. ज्या अभ्यासक्रमात ही तीनही नसून नाव मात्र ‘डेटा सायन्स’ आहे, तेथे तयार प्रणालीची बटणे दाबायला शिकवले जाण्याचा संभव अधिक.

गणित सुटलेल्या विद्यार्थ्याने प्रवेशापूर्वीच्या सुटीत अकरावीचे बीजगणित आणि संभाव्यतेची प्रकरणे पुन्हा काढावीत. दीड-दोन महिन्यांची ही तयारी पहिल्या सत्रातील अपयश टाळू शकते. बारावीला विज्ञान नसलेल्यांना भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र यांसारखे प्रयोगशाळेचे विषय गौण म्हणून बहुधा मिळत नाहीत, हेही ध्यानात ठेवावे. संगणक, संख्याशास्त्र, भूगोलातील माहिती प्रणाली, पर्यावरण हे पर्याय त्यांच्यासाठी अधिक व्यवहार्य आहेत.

शिडी की भेळ?

गौण विषयाची परीक्षा त्याच्या नावावरून होत नाही; त्याच्या सत्रवार विषयपत्रिका वाचून होते. चांगल्या गौण अभ्यासक्रमाची रचना शिडीसारखी असते. पहिल्या पायरीवर प्रोग्रॅमिंग, दुसरीवर विदा संरचना म्हणजे ‘डेटा स्ट्रक्चर्स’, तिसरीवर डेटाबेस, चौथीवर त्यांचा उपयोग करणारा एखादा विषय आणि शेवटी छोटा प्रकल्प, असा क्रम असेल, तर विद्यार्थी प्रत्येक सत्रात आधीच्या सत्रावर उभा राहतो. संख्याशास्त्रात वर्णनात्मक भाग, संभाव्यता, वितरणे, नमुना व चाचण्या, समाश्रयण हा क्रम योग्य होय.

याउलट काही ठिकाणी कार्यालयीन संगणक वापर, वेबपान सजावट, डिजिटल विपणन, सायबर कायदा आणि कृत्रिम बुद्धिमत्तेचा परिचय अशी भेळ दिली जाते. प्रत्येक विषयाच्या नावात ‘परिचय’ किंवा ‘मूलतत्त्वे’ हे शब्द असतील आणि एकालाही दुसऱ्याची पूर्वअट नसेल, तर सावध व्हावे. असा विद्यार्थी तीन वर्षे पहिल्याच पायरीवर उभा राहतो. परीक्षेत गुण चांगले मिळतात, पण हाताशी कौशल्य उरत नाही. आणि हे मुलाखतीतील दुसऱ्याच प्रश्नाला उघड होते.

कृत्रिम बुद्धिमत्ता आल्यावर

नोव्हेंबर २०२२ मध्ये ‘चॅटजीपीटी’ आल्यापासून एक शंका पालक आवर्जून विचारतात. यंत्रच प्रोग्रॅम लिहू लागले, तर मुलांनी तो शिकावा कशाला? शंका रास्त आहे. सांगितलेले साधे प्रोग्रॅम लिहून देणे हे काम यंत्रे करू लागली आहेत आणि केवळ तेवढ्यासाठी गौण विषय घेण्यात आता अर्थ उरलेला नाही. परंतु यंत्राने दिलेले उत्तर बरोबर आहे की नाही, हे कोणी ठरवायचे? लिहिलेला प्रोग्रॅम ज्याला वाचता येतो, नमुना पक्षपाती आहे हे ज्याला ओळखता येते आणि मुख्य विषयाच्या ज्ञानामुळे उत्तर अशक्य असल्याचे ज्याच्या लक्षात येते, तोच. जलाशयाचे क्षेत्र पावसाळ्यापेक्षा मे महिन्यात जास्त आले, तर भूगोलाच्या विद्यार्थ्याला चूक चटकन जाणवेल. केवळ बटण दाबणाऱ्याला ती जाणवणार नाही. त्यामुळे यंत्रांच्या काळात मुख्य विषयाची खोली आणि गौण विषयाचा पाया या दोन्हींची किंमत वाढलीच आहे.

कागदावरचे स्वातंत्र्य

धोरण कितीही उदार असले, तरी विषय शिकवायला शिक्षक लागतो. लहान गावातील कला महाविद्यालयात संख्याशास्त्राचा प्राध्यापक नसेल किंवा संगणक कक्षात मोजकीच यंत्रे असतील, तर निवडीचे स्वातंत्र्य अर्जापुरतेच राहते. उपलब्ध शिक्षकांना कार्यभार मिळावा म्हणून ठराविक गौण विषय पुढे केले जातात, अशीही परिस्थिती असू शकते. घरातील पहिलीच पिढी महाविद्यालयात पाठवणाऱ्या कुटुंबाला हे कळण्याचा मार्ग नसतो. म्हणूनच प्रवेशापूर्वी विभागात प्रत्यक्ष जाऊन चौकशी करणे आवश्यक आहे.

महाविद्यालयात हवा तो विषय नसेल, तरी सर्व वाटा बंद होत नाहीत. केंद्र सरकारचे ‘स्वयम्’ हे व्यासपीठ २०१७ पासून सुरू आहे. त्यावरील अभ्यासक्रमांतून एका सत्रातील ४० टक्क्यांपर्यंत श्रेयांक घेण्याची मुभा अनुदान आयोगाच्या २०२१ च्या नियमांनी दिली आहे. ते आपल्या पदवीत धरले जातील की नाही, हे मात्र महाविद्यालयाकडून आधी लेखी घ्यावे. मिळवलेले श्रेयांक ‘ॲकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स’मध्ये जमा होतात. आयआयटी मद्रासने २०२० पासून डेटा सायन्सचा ऑनलाइन पदवी अभ्यासक्रम सुरू केला असून त्यात टप्प्याटप्प्यावर बाहेर पडता येते. २०२२ पासून एकाच वेळी दोन अभ्यासक्रम करण्याची परवानगी असल्याने तोही एक पर्याय आहे. पण दोन दगडांवर पाय ठेवताना मुख्य विषयाचे गुण घसरणार नाहीत, याची दक्षता हवी. चौथ्या वर्षी संशोधनासह ऑनर्स करण्यासाठी आयोगाने पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के गुणांची अट सुचवली आहे. अवघड गौण विषय घेताना हा आकडा नजरेआड करू नये.

दुसरा दरवाजा

गौण विषयाच्या निवडीत खरा पणाला लागतो तो पदवीनंतरचा मार्ग. आयोगाच्या जून २०२४ च्या पदव्युत्तर आराखड्यानुसार विद्यार्थ्याला मुख्य विषयात किंवा गौण विषयात पदव्युत्तर शिक्षण घेता येते. प्रवेश परीक्षा उत्तीर्ण झाल्यास अन्य विषयातही जाता येते. ‘गेट’ परीक्षेत २०२४ पासून डेटा सायन्स व कृत्रिम बुद्धिमत्तेची स्वतंत्र प्रश्नपत्रिका आहे. कागदोपत्री दरवाजे इतके उघडे पूर्वी कधीच नव्हते. मात्र दरवाजा उघडा असणे आणि आत जाऊन टिकून राहणे यांत अंतर आहे. अर्थशास्त्रासह संख्याशास्त्राचे वीस श्रेयांक नीट केलेली विद्यार्थिनी एम.एस्सी.च्या पहिल्या सत्रात तग धरू शकते. ‘भेळ’ खाल्लेल्याला तेथे पुन्हा मुळाक्षरांपासून सुरुवात करावी लागते. प्रत्येक विद्यापीठाच्या अटी वेगळ्या असल्याने, ज्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाकडे डोळा आहे त्याची माहितीपुस्तिका पदवीच्या पहिल्याच वर्षी वाचावी.

अर्ज भरण्यापूर्वी हे जरूर विचारा

* गौण विषय कोणत्या सत्रात ठरवायचा आहे? नंतर बदलता येतो का आणि बदलल्यास आधीच्या श्रेयांकांचे काय होते?
* सर्व सत्रांच्या विषयपत्रिका आज पाहायला मिळतील का? त्यांत पायऱ्या आहेत का?
* प्रात्यक्षिकांचे श्रेयांक किती? एका संगणकामागे किती विद्यार्थी असतात?
* हा विषय शिकवणारे शिक्षक त्याच विषयातील आहेत का?
* मुख्य आणि गौण विषयांच्या तासिका एकाच वेळी येत नाहीत ना?
* शेवटी प्रकल्प आहे का? तो मुख्य विषयातील प्रश्नावर करता येईल का?
* गौण विषयाचा उल्लेख पदवी प्रमाणपत्रावर असतो की केवळ गुणपत्रिकेवर?
* वेगळे प्रयोगशाळा शुल्क आहे का?

या आठ प्रश्नांची उत्तरे मिळवायला एक दुपार पुरते. ती न दवडल्यास तीन वर्षे दवडली जाऊ शकतात.

शेवटी, मुलांनी आणि पालकांनी एक गोष्ट एकत्र बसून करावी. कोऱ्या कागदावर मुख्य विषयाचे नाव लिहावे, त्याखाली त्या विषयातील मनात घोळणारे दोन-तीन प्रश्न लिहावेत आणि मगच गौण विषयांची यादी समोर घ्यावी. ज्या विषयाने त्यांतील एखादा तरी प्रश्न सुटण्याच्या जवळ येईल, तो आपला. कागदावर एकही प्रश्न उमटला नाही, तर गौण विषयाची चर्चा थोडी बाजूला ठेवून मुख्य विषयाच्या निवडीकडेच पुन्हा एकदा पाहावे. वाळू कितीही चांगली असली, तरी काय बांधायचे ते आधी ठरावे लागते.